बिनफ्रेटचा बेस घडवताना

डबल बेस हे माणसाहून उंच वाद्य. १९५० सालापूर्वीच्या अमेरिकेत नाचाच्या बँडमध्ये खर्जाची बाजू त्याच्याकडे असे आणि ते सांभाळणाऱ्या वादकाचे हाल होत. वाद्य मोटारीत मावत नसे, ड्रम आणि विजेवरच्या गिटारपुढे त्याचा आवाज बुडून जाई आणि गुळगुळीत पट्टीवर नेमक्या सुरात बोट टाकायला शिकण्यात वर्षे जात. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली या तिन्ही अडचणींवर एकच तोडगा बाजारात आणला: भरीव लाकडाची बॉडी, विजेचा पिकअप आणि नेकवर ठोकलेले धातूचे फ्रेट. सिॲटलच्या पॉल टटमार्क यांनी असा फ्रेटवाला विजेचा बेस १९३०च्या दशकातच करून पाहिला होता, पण तो रुजला नाही. फेंडर यांचा रुजला. त्याचे नाव त्यांनी 'प्रिसिजन बेस' ठेवले, कारण फ्रेटमुळे सूर अचूक येतो हीच त्याची मोठी खूण होती.

दहा वर्षांनी लंडनमध्ये एका तरुणाने हेच फ्रेट उपटून काढले. बिल वायमन तेव्हा रोलिंग स्टोन्समध्ये यायचा होता. १९६१ साली त्याने एक स्वस्तातला जुना बेस विकत घेतला. बॉडी त्याला बोजड वाटली म्हणून त्याने लहान आकार आखून ती कापून घेतली. झिजलेल्या फ्रेटवर तारा खडखडत होत्या, म्हणून नवे बसवण्याच्या इराद्याने जुने काढले. फ्रेटशिवाय जो आवाज आला तो इतका आवडला की नवे बसलेच नाहीत. पुढे स्टोन्सच्या अनेक ध्वनिमुद्रणांत हाच बेस वाजला. विजेवरच्या पहिल्या बिनफ्रेटच्या बेसांपैकी हा एक, आणि तो कारखान्यात नव्हे तर घरी तयार झाला.

कारखाने मागून आले. ॲम्पेग कंपनीने १९६६ साली आणि फेंडरने १९७० साली बिनफ्रेटचे बेस काढले. या वाद्याची खरी ताकद जगाला कळली ती १९७६ साली, बेसवादक जॅको पास्टोरियसच्या पहिल्या अल्बममुळे. त्याच्या हातातला बेस १९६२ सालचा फेंडर जॅझ होता. फ्रेट काढल्यावर उरलेल्या खाचा लाकडी लांबीने बुजवलेल्या आणि वर होड्यांना लावतात त्या इपॉक्सीचे थर चढवलेले. फ्लोरिडासारख्या समुद्रकाठच्या राज्यात वाढलेल्या माणसाला हा माल हाताशी होता.

तेव्हा असा बेस स्वतः घडवावासा वाटला तर आपण या वाद्याच्या मूळ परंपरेतच असतो. कामाला लागण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करावी. बॉडीचा आकार, लाकूड, रंग, वळणे या सगळ्यांत घडवणाऱ्याला पूर्ण मोकळीक आहे. तार ज्या वाटेने जाते त्या वाटेवर मात्र मिलिमीटरचीही सूट नाही. घरगुती वाद्य सुरेल निघणे किंवा नुसते शोभेचे ठरणे याच एका भेदावर अवलंबून असते.

तार कुठे संपते

तारेचा सूर तीन गोष्टी ठरवतात: तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचे दर मीटरचे वजन. नेहमीच्या बेसवर नट (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) ते ब्रिज (बॉडीवरची घोडी) एवढी तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर असते. चार तारा ई, ए, डी आणि जी या सुरांत लावतात आणि त्यांची कंपने सेकंदाला सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ असतात. वादक बोटाने तार दाबतो तेव्हा तो फक्त लांबी कमी करतो.

फ्रेट असला की ही लांबी धातूच्या पट्टीवर संपते. बोट फ्रेटच्या मागे कुठेही पडले तरी सूर तोच. बिनफ्रेटच्या बेसवर तार बोटाखालीच संपते, त्यामुळे जिथे फ्रेट असता नेमके तिथेच बोट पडावे लागते. ८६४ मिलिमीटरच्या तारेवर पहिल्या अर्ध्या सुराची जागा नटपासून ४८.५ मिलिमीटरवर आहे. पाचव्या फ्रेटची जागा सुमारे २१७वर, सातव्याची २८७वर आणि वरच्या सप्तकाची, म्हणजे बाराव्याची, बरोबर मध्यावर ४३२वर. वर जावे तशा जागा जवळजवळ येतात.

चुकीला किती वाव आहे हेही यावरून काढता येते. अर्ध्या सुराचे १०० सारखे भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. नटजवळ बोट एक मिलिमीटर सरकले तर सूर दोन सेंट हलतो, मध्यावर तेवढ्याच सरकण्याने चार सेंट. बोटाचे टोक तर सेंटीमीटरभर रुंद असते. म्हणजे बोट जागच्या जागी जरासे डोलवले तरी सूर हलतो. मींड, आंदोलन, स्वराला खालून स्पर्श करत वर येणे, हे सगळे या वाद्यावर अशा डोलण्यातून आणि घसरण्यातून निघते. सारंगी किंवा सरोद ऐकत वाढलेल्या कानाला ते लगेच ओळखीचे वाटते.

या बेसची दुसरी ओळख म्हणजे त्याचा गळा. छेडल्यानंतर स्वर क्षणभराने फुलतो आणि त्यात 'म्वा' असा मानवी उच्चार ऐकू येतो. त्याचे कारण तारेच्या आणि बोर्डाच्या, म्हणजे बोटांखालच्या पट्टीच्या, नात्यात आहे. तार बोर्डाच्या अगदी जवळून जात असेल तर कंप पावताना ती बोटाच्या पुढच्या भागात बोर्डाला पुन्हा पुन्हा हलकेच घासते. प्रत्येक घासण्यातून वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर, नव्याने जागे होतात.

तंबोऱ्याची जवारी हेच करते. १९२१ साली कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांवर एक टिपण लिहिले. साध्या तारेला एखाद्या बिंदूत छेडले तर ज्या स्वरांशांचा तो स्थिरबिंदू असतो ते उमटू नयेत, असा नियम होता. आपल्या या वाद्यांत ते उमटतात असे रामन यांनी दाखवले, आणि त्याचे कारण घोडीच्या रुंद, गोलसर पृष्ठभागावर तार घासत राहते यात शोधले. तंबोऱ्यात ही करामत घोडीच्या जागी एकाच ठिकाणी होते. बिनफ्रेटच्या बेसवर बोट जिथे पडेल तिथे ती व्हावी लागते. म्हणून या वाद्याचा सगळा बोर्डच जवारीइतक्या काळजीने घासावा लागतो.

बॉडीचे लाकूड आणि वजन

फेंडरच्या कारखान्यात बॉडीसाठी ॲश आणि ॲल्डर ही लाकडे वापरत आले आहेत. ती मिळवायचा अट्टहास नको. विजेच्या बेसमध्ये पिकअप तारेचे कंपन टिपतो. लाकडाचा आवाजावर किती परिणाम होतो यावर वादक आणि कारागीर यांच्यात वाद आहेत, पण तारा, पिकअप आणि त्याची जागा यांच्यापुढे तो लहान आहे. लाकडामुळे ठामपणे ठरतात त्या गोष्टी म्हणजे वजन, मजबुती आणि वर्षानुवर्षे आकार टिकणे.

वजनाचा हिशेब सोपा आहे. नेहमीच्या आकाराची, ४५ मिलिमीटर जाडीची बॉडी म्हणजे साधारण पाच लिटर लाकूड. ॲल्डरचा एक लिटर साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे बॉडी सव्वादोन किलोची. सागवानाचा लिटर सुमारे साडेसहाशे ग्रॅम, म्हणजे बॉडी सव्वातीन किलोवर जाते. शिसव घेतले तर ती चार किलोच्या पुढे, आणि त्यात नेक, ब्रिज व खुंट्या यांचे दोनेक किलो मिळवले की तासभर खांद्यावर पेलणे कठीण. आपल्याकडे मिळणाऱ्या हलक्या लाकडांत शिवण चांगले. तंजावरची वीणा ज्याची करतात ते फणसाचे लाकूडही चालते. सागवानच हवे असेल तर आतून पोकळी कोरून वजन उतरवावे.

जुने वाडे उतरवताना निघालेले सागवान या कामाला फार चांगले, कारण ते अनेक दशके वाळलेले असते. फक्त त्यात दडलेले खिळे आधी शोधावेत, नाहीतर करवतीचे आणि राउटरचे पाते जाते. सागवानात तेल असते. दोन फळ्या जोडायच्या तर रंधा मारलेल्या कडा ॲसिटोनने पुसून लगेच गोंद लावावा. ताजे लाकूड मात्र कितीही देखणे असले तरी घेऊ नये. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी फळी नेकचा सांधा हलवते, आणि सांधा हलला की सूर हलला.

आकार आखताना मोकळीक खरी, तरी तोल सांभाळावा लागतो. बेसचा नेक लांब असतो आणि त्याच्या टोकाला खुंट्यांचे वजन लटकते. पट्टा गळ्यात घालून हात सोडले की नेक खाली झुकतो. त्यावर उपाय म्हणजे बॉडीचे वरचे शिंग लांब काढणे. पट्ट्याची गुंडी बाराव्या फ्रेटच्या जागेच्या आसपास आली तर तोल साधतो. फेंडर यांच्या १९५१च्या बेसला दोन्ही बाजूंनी शिंगे आली त्यामागेही हाच विचार होता. बाकी कडा, उतार, पोटाशी टेकणारा खळगा आपल्या अंगाला बेतून घ्यावेत. आधी पूर्ण मापाचे चित्र कागदावर काढावे, ते पुठ्ठ्यावर चिकटवून कापावे आणि बसून, उभे राहून अंगाशी धरून पाहावे. पुठ्ठा बदलणे स्वस्त, लाकूड बदलणे महाग.

मधली रेघ

फळीवर सर्वात आधी काढायची ती लांबीची मध्यरेषा. पुढचे प्रत्येक माप या रेषेपासून घ्यायचे. नेकची खाच, पिकअपच्या खाचा आणि ब्रिजच्या जागेची कच्ची खूण या तिन्ही गोष्टी फळी अजून चौकोनी असतानाच कराव्यात. चौकोनी फळी टेबलाला शिकंज्याने घट्ट बांधता येते आणि गुण्या लावायला सरळ कडा मिळतात. बाह्याकार त्यानंतर कापावा: जिगसॉने रेषेच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेरून, मग एमडीएफचा साचा लावून राउटरने रेषेपर्यंत. राउटर एका फेरीत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा खोल उतरवू नये. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क हवाच. शिसवाच्या भुशाने कातडीला आणि श्वासाला त्रास होऊ शकतो.

नेक तयार विकत घेणे शहाणपणाचे. चार तारांचा मिळून ताण पाऊणशे किलोच्या घरात असतो आणि तो पेलायला नेकच्या पोटात पोलादी सळई, म्हणजे ट्रस रॉड लागतो. ही युक्ती गिब्सन कंपनीत १९२०च्या दशकात आली. टोकावरच्या पेचाने सळई आवळली की ती तारांच्या ताणाविरुद्ध नेकला मागे खेचते.

नेकची टाच सुमारे २५ मिलिमीटर जाड आणि फेंडर पद्धतीच्या बॉडीतली खाच सुमारे १६ मिलिमीटर खोल असते. फ्रेटवाल्या बेसचे हे माप जसेच्या तसे उचलण्याआधी थांबावे. फ्रेटची उंची मिलिमीटरभर असते. ते नसले की तारही तेवढी खाली आणावी लागते, आणि कधी कधी ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तार टेकते तो तुकडा, तळाला टेकूनही ती पुरेशी खाली येत नाही. म्हणून आधी हातातल्या ब्रिजची किमान आणि कमाल उंची मोजावी, त्यावरून तार कुठून जाईल ते कागदावर काढावे आणि मग खाच किती खोल करायची ते ठरवावे. खाच नेकला इतकी घट्ट हवी की स्क्रू न लावता बॉडी नेकला धरून उचलता यावी.

ब्रिजची भोके सर्वात शेवटी पाडावीत. नेक बसवून नटच्या दोन टोकांच्या खाचांतून दोन दोरे ब्रिजपर्यंत ताणावेत. दोन्ही दोरे बोर्डाच्या कडांपासून सारख्या अंतरावरून जायला हवेत. ते जुळले की ब्रिजची आडवी जागा मिळाली. उभ्या जागेसाठी सर्वात बारीक तारेचे, म्हणजे जीचे सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे घेऊन ते नटपासून ८६४ मिलिमीटरवर येईल असे पाहावे. जाड तारांना थोडी जास्त लांबी लागते आणि त्यांची सॅडल काही मिलिमीटर मागे सरकतात, त्यांना मागे जागा हवी.

बोर्ड

बिनफ्रेटचा तयार नेक मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर फ्रेटवाला नेक घेऊन फ्रेट काढावेत. तापलेले सोल्डरिंग आयर्न फ्रेटवर टेकवून तो गरम केला की जुना गोंद सैल होतो आणि लाकडाची कपची न उडता फ्रेट चिमट्याने हळूहळू वर येतो. उरलेली खाच अर्ध्या मिलिमीटरहून थोडी रुंद असते. तिच्यात फिक्या लाकडाची पातळ पट्टी गोंद लावून बसवावी. रिकाम्या खाचांचा नेक तारांच्या ताणाखाली जास्त वाकतो, म्हणून हे काम टाळू नये. शिवाय फिक्या पट्ट्यांच्या रेघा डोळ्याला जागा दाखवतात. जॅकोच्या बेसवरही अशा रेघा होत्या.

जगातल्या असंख्य गिटारांचे बोर्ड ज्या ईस्ट इंडियन रोझवुडचे असतात ते आपल्या सह्याद्रीतले शिसव. हे झाड आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत आहे. जुन्या शिसवी खुर्चीचा किंवा पलंगाचा तुकडा मिळाला तर त्याचा बोर्ड करणे हा त्या लाकडाचा सर्वात चांगला पुनर्वापर. आबनूस शिसवाहून कठीण, म्हणून तारांपुढे जास्त टिकते.

आता सर्वात जास्त वेळ घेणारे काम. ट्रस रॉड फिरवून नेक आधी सरळ करावा. मग बोर्डाच्या गोलाईशी जुळणारा ठोकळा घेऊन त्याला १२० नंबरचा पॉलिश पेपर लावावा आणि नटपासून टाचेपर्यंत सलग, लांब हात मारावेत. मधेच थांबून एकच जागा घासली तर तिथे खळगा पडतो. खळग्यावर स्वर मुका होतो आणि उंचवट्याच्या मागे तार खडखडते. थोड्या थोड्या वेळाने पोलादी पट्टी लांबीने उभी ठेवून पलीकडे दिवा धरावा. पट्टीखालून झिरपणारा प्रकाश कुठे आहे ते पाहावे, तो सगळीकडे सारखा दिसेपर्यंत थांबू नये. मग २४०, ४००, ८०० असे पेपर बदलत काचेसारखा पृष्ठभाग आणावा.

त्यावर काय लावायचे हे तारांवरून ठरते. गोल गुंडाळीच्या तारा चमकदार वाजतात, पण त्या कानशीसारख्या लाकूड खातात. त्या वापरायच्या तर जॅकोसारखे इपॉक्सीचे थर देऊन पुन्हा सपाटी करावी. चपट्या गुंडाळीच्या तारा मऊ बोलतात आणि लाकडाला जपतात, त्यांच्यासाठी तेलाचे दोन-तीन हात पुरे. शेवटी नेकमध्ये अगदी हलका, पाव मिलिमीटरपेक्षा कमी बाक ठेवावा. नटच्या खाचा इतक्या खोल कराव्यात की तारेखालून जाड कागद जेमतेम सरकेल. बाराव्या जागेवर तार बोर्डापासून दोन मिलिमीटरच्या आसपास हवी. तिथून चौथाई फेरा वर, चौथाई फेरा खाली असे सॅडल फिरवत गेले की एका उंचीवर स्वर अचानक गाऊ लागतो.

विजेचे काम

बेसचा पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उमटते. ब्रिजजवळचा पिकअप वरचे स्वरांश अधिक टिपतो. बिनफ्रेटच्या बेसचा गळा मोकळा ऐकू येतो तो तिथेच, म्हणून एकच पिकअप बसवायचा असेल तर तो ब्रिजकडे झुकता ठेवावा. २५० किलोओहमचे दोन पॉट, एक आवाजासाठी आणि एक टोनसाठी, ०.०४७ मायक्रोफॅरॅडचा एक कपॅसिटर आणि एक जॅक, एवढ्यात काम भागते.

खाचांना आतून तांब्याचा पत्रा चिकटवून तो अर्थला जोडावा आणि अर्थची एक तार ब्रिजखाली घ्यावी. आपल्याकडे घरातल्या विजेची कंपने ५० आहेत आणि तिची गुणगुण ५० व १०० या कंपनांवर ऐकू येते. जीची मोकळी तार ९८वर वाजते. गुणगुण राहिली तर ती या तारेच्या शेजारी बेसूर होऊन बसते, म्हणून हे अर्ध्या तासाचे काम नीट करावे.

पाच मिलिमीटरची गोष्ट

तारा चढवल्या की बाराव्या रेघेवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा हार्मोनिक आणि तिथेच दाबून निघणारा स्वर जुळेपर्यंत सॅडल मागेपुढे करावे. मग शेजारच्या तारांशी ताडून पाहावे: एच्या तारेवर पाचव्या रेघेवर निघणारा स्वर डीच्या मोकळ्या तारेशी एकजीव व्हायला हवा.

यानंतर तंबोरा लावावा. एच्या मोकळ्या तारेला षड्ज मानून तंबोरा त्याच पट्टीत ठेवावा आणि त्याच तारेवर चौथ्या रेघेवर बोट टाकून गंधार वाजवावा. ती रेघ ब्रिजपासून सुमारे ६८६ मिलिमीटरवर आहे, आणि तिथला गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधाराशी जुळणार नाही. सारखे बारा भाग पाडलेल्या सप्तकात गंधार १४ सेंट चढा असतो. तारेच्या चार पंचमांश लांबीवरचा शुद्ध गंधार ६९१ मिलिमीटरवर आहे. बोट नटकडे पाच मिलिमीटर मागे घेतले की दोन्ही गंधार एक होतात.

फ्रेटवाल्या बेसवर ही जागा नाही. तिथे कारखान्याने एकदा ठोकलेला गंधार पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो, आणि पियानोबरोबर वाजवायला तो योग्यही असतो. बिनफ्रेटच्या बेसवर पियानोबरोबर एक गंधार आणि तंबोऱ्याबरोबर दुसरा, असे दोन्ही घेता येतात. सांधा घट्ट, रेघ सरळ आणि बोर्ड सपाट असेल तरच ते पाच मिलिमीटर कानाला ओळखू येतात. बोर्डात खळगा असेल तर स्वर कशामुळे बिघडला, बोटामुळे की लाकडामुळे, हे कधीच कळत नाही. म्हणून घडवताना तारेच्या वाटेवर मिलिमीटरचीही सूट द्यायची नाही, म्हणजे वाजवताना प्रत्येक मिलिमीटर वादकाचा होतो.